रक्तबीजाची चाल

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शिवकन्याताईंनी एकशे सहा राक्षस मारले. आकडा उज्ज्वलाचा, ती संगणकासमोर बसून प्रत्येक वार टिपत होती. जागा म्हणजे कडा गावातल्या आमच्या भुसार दुकानामागचं पत्र्याचं गोदाम, आणि राक्षस म्हणजे रिकामी हवा. ताईंच्या अंगात काळा घट्ट पोशाख होता. मनगटं, कोपर, कंबर, गुडघे अशा सतरा ठिकाणी काडेपेटीएवढी यंत्रं बांधलेली. त्या हलल्या की पडद्यावरची राखाडी बाहुली तशीच हलायची. हातात लाकडी कोयता. त्या गळ्यावर वार करायच्या, पोटावर करायच्या, पडलेल्याच्या पाठीवर पाय देऊन मानेवर करायच्या, आणि दर वेळी मी म्हणायचो, अजून जोरात.

जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, ह्या राक्षसांनी केलंय काय?"

मी म्हणालो, राक्षस आहेत, दुसरं काय करायला हवं?

"तरी बी," त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "काय तरी केलं असंल की."

तो प्रश्न मी तिथंच सोडून दिला. खेळ बनवताना केलेल्या चुकांमधली ती पहिली.

मी संगमेश. पुण्यात सात वर्षं परदेशी कंपन्यांच्या व्हिडिओ गेमसाठी मी झाडं आणि दगड बनवत होतो. फक्त झाडं आणि दगड. त्या झाडांमागून कोण उडी मारणार, कोण कुणाचा गळा कापणार, हे दुसरेच कुणी ठरवायचे. लॉकडाऊनमध्ये गावी आलो तो परत गेलोच नाही. वडिलांना, भीमाशंकर अण्णांना, सांगितलं की मी माझा स्वतःचा गेम बनवणार आहे. आष्टीची उज्ज्वला पुण्यात माझ्यासोबत होती, प्रोग्रॅमिंग तिचं. तीही आली.

गेमचं नाव 'माळावरचे असुर'. आजच्या काळात पुराणातले राक्षस आमच्या भागात उतरतात अशी कल्पना. बकासुर साखर कारखान्याच्या गव्हाणीत बसून उसाच्या गाड्या बैलांसकट गिळतो. महिषासुर बसस्थानकात शिरून एसटी शिंगांवर घेतो. रक्तबीजाच्या अंगातून सांडलेल्या प्रत्येक थेंबातून नवा रक्तबीज उभा राहतो, तो बाजारच्या दिवशी गर्दीत घुसतो. आणि या सगळ्यांच्या विरोधात एकटी ऊसतोड बाई, कोयता घेऊन. ऐकायला चांगलं वाटायचं. ज्याला सांगितलं त्यानं मान डोलावली. पण मला खरा रस रक्तात होता, हे आता कबूल करायला हवं. ते भिंतीवर कसं उडावं, डांबरावर कसं पसरावं, कोयत्याच्या पात्यावरून कसं ओघळावं, यातच माझं दीड वर्ष गेलं.

कोयता खरा चालवणारं माणूसच हवं, हा हट्ट उज्ज्वलाचा. तिनंच शिवकन्याताईंना शोधून आणलं. माहेर शिरूर कासारकडचं, सासर कड्यापासून चार किलोमीटरवरच्या गावात. वय चौतीस. पंधराव्या वर्षापासून दर हंगामात ऊसतोडीला गेलेल्या. नवरा रामकिसन तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवरून पडून खुब्यातून अधू झालेला, असं आम्हाला सांगितलं होतं.

राक्षसांच्या हालचालींसाठी आष्टीत जिम चालवणारा एकजण आणला होता. तो छाती बडवायचा, डरकाळ्या फोडायचा, दोन्ही हात वर करून धावून यायचा. पडद्यावर ते गणपतीतल्या देखाव्यासारखं दिसायचं. बकासुर आणि महिषासुर कसेबसे उरकले. रक्तबीज मात्र जमेना. तिसऱ्या दिवशी तो जिमवाला वैतागून निघून गेला. ताई पोत्यावर बसून पाणी पीत हे सगळं बघत होत्या.

"आसं कोण मारतंय?" त्या म्हणाल्या. "मारणारा वरडत न्हाई."

मी म्हणालो, मग कसा मारतो ते दाखवा.

त्यांनी पोशाख चढवला, गोदामाच्या दारापर्यंत गेल्या, पाठमोऱ्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि वळून चालत आल्या. टाचा घासत, उजवा खांदा पुढं काढून, डाव्या हातानं उजवी बाही वर सारत. घाई अजिबात नाही. तुरीच्या पोत्यासमोर येऊन थांबल्या. पोत्याला पायानं ढोसलं, झोपलेल्याला उठवावं इतपतच. मग मान फिरवून कोण कोण बघतंय ते पाहिलं. कोपऱ्यात शटर ओढायचा लोखंडी गज होता, तो उचलला आणि पोत्याच्या एकाच जागी मारायला लागल्या. वार दुसरीकडं जात नव्हता. मध्ये थांबून दम घेतला, बाही पुन्हा वर सारली, पुन्हा त्याच जागी. पोतं फाटलं, तूर भळाभळा खाली आली. सातव्या वारानंतर गज टाकला, तळहात पोत्याला पुसला आणि फोन काढून बघितल्यासारखं करत निघून गेल्या.

उज्ज्वलानं रेकॉर्डिंग बंद केलं आणि विचारलं, "ताई, हा कोण?"

ताईंनी हातापायांवरची यंत्रं सोडता सोडता सांगितलं. रामकिसन ट्रॅक्टरवरून पडलेच नव्हते. त्यांच्या गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं होतं. आप्पाराव म्हणजे त्या गावचे पुढारी, निम्म्या शिवाराचे मालक. त्यांनी निवडणूक बिनविरोध करायची ठरवली होती. रामकिसननी ताईंचा अर्ज भरला आणि सांगूनही मागं घेतला नाही. अर्ज माघारीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, गावच्या थांब्यावर, चाळीसेक माणसांसमोर आप्पारावांचा मुलगा अमरसिंह गाडीतून उतरला. त्यानं रामकिसनना आधी पायानं पाडलं आणि मग लोखंडी पाइप उजव्या खुब्यावर घालायला सुरुवात केली. दोघांनी ताईंचे केस धरून त्यांचं तोंड तिकडंच वळवून ठेवलं होतं. हाड फुटल्याचा आवाज त्यांना वाळलेली तुराटी मोडावी तसा आला. पुढं त्याच गाडीत घालून ताईंना तहसीलला नेलं. नवऱ्याचं रक्त लागलेल्या लुगड्यातच त्यांनी माघारीच्या अर्जावर सही केली. पोलिसांत ट्रॅक्टरवरून पडल्याचा जबाब झाला. त्यावर सही रामकिसनचीच.

उज्ज्वला उठून बाहेर गेली. मी काय केलं? मी ताईंना म्हणालो की सुरुवातीची चार पावलं नीट टिपली गेली नाहीत, पुन्हा एकदा करता येईल का. त्यांनी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी सात वार, एकाच जागी.

तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी विचारलं, "त्येचं त्वांड न्हाई ना दिसणार?"

मी सांगितलं की रक्तबीजाला शिंगं असतील, कातडी निळी असेल, कुणालाही ओळखू येणार नाही.

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या. त्यात सुटका होती की हिरमोड, ते मला तेव्हाही कळलं नाही.

जानेवारीत गेम बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी पडला.

पडला म्हणजे काय ते सांगतो. महिषासुर बसस्थानकाच्या कमानीत शिंगं अडकून तिथंच थरथरत राहायचा, त्याला कितीही वार करा. बकासुराचं तोंड उघडायचंच नाही. उसाच्या गाड्या त्याच्या गालांतून आरपार जायच्या. नायिका चालता चालता रस्त्यात कमरेपर्यंत रुतायची आणि तशीच लढायची. रक्तबीजाला मारलं की नवे रक्तबीज उठायचे, त्यांना मारलं की आणखी, आणि चाळीसच्या वर गेले की फोन तापून बंद पडायचा. पण खरी निराशा या बिघाडांची नव्हती. बिघाड दुरुस्त होतात. खेळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. दर दोन पावलांवर मुंडकं उडायचं, आतडी बाहेर यायची, पडदा लाल व्हायचा, आणि दहा मिनिटांत माणूस जांभया द्यायला लागायचा. लोकांनी एकेक तारा देऊन तेच लिहिलं. एकानं लिहिलं होतं, 'खाटकाच्या दुकानात रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं.'

उज्ज्वला म्हणाली, "रक्त चांगलं केलंस तू. बाकी काहीच केलं नाही."

पुण्यातला एक गाजलेला खेळाडू असले फसलेले गेम लोकांसमोर खेळून त्यांची टिंगल करतो. त्यानं आमचा गेम दोन तास खेळला. हजारो लोक बघत होते आणि तो हसून हसून खुर्चीतून घसरत होता. मी ते सगळं पाहिलं. अण्णा मागं उभे राहून पाहत होते. मग रक्तबीज आला. तो टाचा घासत, बाही सारत चालत आला, एका भाजीवाल्याला पायानं ढोसलं, आजूबाजूला पाहिलं आणि एकाच जागी मारायला लागला. त्या खेळाडूचं हसू थांबलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "एवढं एक मात्र कुणीतरी खरं केलंय." बस. एवढीच आमच्या गेमची झालेली स्तुती.

तेवढा तुकडा, सत्तावीस सेकंदांचा, फिरत फिरत आमच्याकडं आला. शिंगं आणि निळी कातडी काही कामाची ठरली नाहीत. कुणीतरी अमरसिंहाच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ त्याच्या शेजारी जोडला. दोघं एकाच वेळी बाही वर सारतात, एकाच वेळी मान फिरवतात. आठवड्याभरात कड्यापासून आष्टीपर्यंत अमरसिंह रक्तबीज झाला. तो जिथून जाईल तिथं त्याच्या पाठीमागं कुणीतरी टाचा घासत चालायचं. त्याच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर कुणी शिंगं काढली. एका कॉलेजच्या पोरानं बाजारात भर गर्दीत त्याच्यासमोरच चालून दाखवलं. अमरसिंहानं त्याला पट्ट्याच्या बकलानं इतकं मारलं की कान अर्धा फाटून लोंबायला लागला. या वेळी लोकांनी फोनवर ते टिपलं, पण तक्रार करायला कुणी गेलं नाही. आणि टिंगल थांबायच्या ऐवजी वाढली.

त्या पोराच्या कानाचं ऐकून मी घाबरलो होतो. गेम काढून टाकू, असं उज्ज्वलाला म्हणालोही. पण रोज डाउनलोडचा आकडा वाढत होता, आणि मी दोन दिवस थांबू म्हणालो. ताईंना सावध करायचंही मी असंच पुढं ढकललं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता गोदामासमोर दोन गाड्या थांबल्या. उज्ज्वला आष्टीला गेली होती. सहा-सात जण आत आले. आधी त्यांनी संगणक फोडले. एकानं माझी मान धरून डोकं पडद्यावर आपटलं. काच कपाळात शिरली आणि डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. मी खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा बसल्या. किती ते मोजलं नाही. तोंडात तुरीची धूळ गेली होती आणि खोकला आला की छातीत सुरी फिरल्यासारखं होत होतं.

मग अमरसिंह आत आला. त्याला मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो, आणि त्या अवस्थेतही माझ्या लक्षात आलं की तो त्याच्यासारखा चालत नाहीये. पाय उचलून, ताठ, दोन्ही हात खिशात कोंबून चालत होता. स्वतःची चाल अंगातून उपटून काढायला बघत होता आणि दुसरी सापडत नव्हती.

त्यानं विचारलं, "कुणी चालून दाखवलं तुला?"

मी म्हणालो की संगणकावर बनवलंय. त्यांनी माझा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि शटर खाली आणलं. मी ओरडलो ते मला ऐकू आलं नाही, शटरचाच आवाज आला. त्यांनी शटर वर केलं. बोटं भलत्याच दिशांना वळली होती. पुढच्या दुकानातून अण्णा धावत आले आणि अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसानं अमरसिंहाची कॉलर धरली. आमच्याच काट्यावरचं पाच किलोचं वजन कुणीतरी त्यांच्या तोंडावर मारलं. ते बसल्यासारखे खाली गेले. त्यांच्या मांडीवर दात पडले.

अमरसिंहानं पुन्हा विचारलं. शटर दुसऱ्यांदा खाली यायच्या आधी मी नाव सांगितलं. शिवकन्या. गाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. तरी त्यांनी शटर खाली आणलंच.

ते गेल्यावर शेजारचे लोक आले. माझा फोन फुटला होता. अण्णांच्या खिशातून मी डाव्या हातानं फोन काढला आणि ताईंचा नंबर लावला. उचलला रामकिसननी. ताई रानात होत्या आणि फोन घरी होता. मी जेमतेम सांगितलं. फोन चालूच राहिला, आणि ते काठी आपटत घाईनं निघाल्याचा आवाज मला लांबपर्यंत येत होता.

पुढचं मी रामकिसनकडून आणि त्या बायांकडून ऐकलं ते सांगतो.

गावातल्याच एका शेतकऱ्याचा ऊस तोडायला ताई आणि सहा बाया गेल्या होत्या. निम्मा फड तोडून झाला होता. अमरसिंह तिघांना घेऊन बांधावरून खाली आला. बाया काम थांबवून उभ्या राहिल्या. त्याच्या हातात पाइप होता.

तो ताईंना म्हणाला, "चालून दाखव."

त्यानं पुन्हा सांगितलं, ह्या सगळ्यांसमोर दाखव, काय काय करतीस ते बघू. ताईंनी कमरेला खोचलेला पदर सोडून नीट केला. मग तोडलेल्या उसाच्या बुडख्यांमधून त्याच्या दिशेनं चालायला लागल्या. टाचा घासत, उजवा खांदा पुढं, कोयता बगलेत मारून डाव्या हातानं उजवी बाही वर सारत. त्याच्यासमोर येऊन थांबल्या आणि मान फिरवून सगळ्यांकडं पाहिलं.

म्हाळू नावाचा त्याचा एक साथीदार होता, बारा वर्षं त्याच्याबरोबर फिरणारा. त्याला हसू आलं. मुद्दाम नाही, सुटलंच त्याच्या तोंडून. अमरसिंहानं वळून पाइप आधी म्हाळूच्या तोंडावर घातला. म्हाळू जबडा धरून गुडघ्यांवर बसला. बोटांच्या फटींतून रक्त गळायला लागलं.

मग तो ताईंकडं वळला. पहिल्या वारात त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसरा त्यानं खुब्यावर घातला, नवऱ्याला घातला होता त्याच जागी. ताई एका गुडघ्यावर खाली आल्या. तिसऱ्यासाठी त्यानं पाइप वर नेला तेव्हा त्याचे पाय त्यांच्या समोर होते. ऊस तोडताना डाव्या हातानं कांडं धरायचं असतं आणि कोयता जमिनीलगत घालायचा असतो. एकोणीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी त्याच्या पँटीचा काठ धरला आणि बगलेतून गळलेला कोयता उजव्या हातानं उचलून घोट्याच्या वर घातला. पहिला वार हाडात अडकला. उपसून दुसरा घातला तेव्हा तो पडला.

रामकिसन त्याच वेळी बांधावर पोचले होते. मी त्यांना नंतर विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, की रक्त कसं आलं. ते म्हणाले, उडालं वगैरे नाही, फुटलेल्या पाइपातून पाणी यावं तसं ढकलत आलं आणि ढेकळांत लगेच काळं पडलं. आणि अमरसिंह आईला हाका मारत होता.

उरलेल्या दोघांतला एक पळाला. दुसऱ्यानं पाइप उचलला. पण समोर सहा बाया कोयते घेऊन उभ्या होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी पुढं आलं नाही, फक्त बाजूलाही झाल्या नाहीत. त्यानं पाइप टाकला.

ताई मातीत बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात लोंबत होता. त्या म्हणाल्या, "बांधा त्येचा पाय. न्हाईतर मरंल त्यो."

एका बाईनं डोक्याचं फडकं काढून पाय गुडघ्याखाली करकचून बांधला. त्याच्याच गाडीत घालून त्याला नगरला नेलं. जीव वाचला, पाऊल गेलं. त्याच दिवशी नगरच्याच दुसऱ्या दवाखान्यात अण्णांचा जबडा तारांनी बांधला आणि माझ्या तीन बोटांत सळया घातल्या. ताईंच्या हाडाला पट्टा लावला, आणि संध्याकाळी दवाखान्यातच दोन पोलीस त्यांच्या खाटेशेजारी बसले.

त्या पाच महिने बीडच्या तुरुंगात होत्या. गावात आधी सगळे घाबरले. आप्पारावांच्या माणसांनी त्या सहा बायांच्या घरी जाऊन सांगितलं की कोयता आधी ताईंनीच चालवला असं म्हणा. एकीच्या गोठ्याला आग लागली, दोन शेरडं जळाली. दुसरीच्या दिराला रस्त्यात अडवून मारलं, त्याचा हात मोडला. तरी सहाही जणींनी आष्टीच्या पोलीस ठाण्यात जाऊन जसं झालं तसंच सांगितलं. त्यानंतर म्हाळूनं सांगितलं. जबडा बांधलेला असल्यामुळं त्यानं ते कागदावर लिहून दिलं. आणि चार वर्षांपूर्वी थांब्यावर जी चाळीस माणसं उभी होती, त्यांतली चार पुढं आली. फक्त चारच. पण वकील म्हणाले, चार पुरेत. ताईंना जामीन मिळाला.

गेम मी काढून टाकला होता. उज्ज्वलाला हैदराबादला नोकरी लागली. जाताना ती म्हणाली की तू ताईंना पुन्हा करायला लावलंस, मी त्याआधीच उठून बाहेर गेले होते, पण मीही दुसऱ्या दिवशी कामावर आलेच ना. आम्ही अजून फोनवर बोलतो, पण कामाचं बोलत नाही.

ताई सुटून आल्यावर आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या, एका हातानं. गळ्याजवळचं हाड वाकडं जुळलं होतं आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आता ऊस तोडणं त्यांना जमणार नव्हतं. वाटेत मी बरंच काही ठरवून आलो होतो, त्यातलं काहीच सुचेना. मी म्हणालो, ताई, त्या दिवशी तुमचं नाव मी सांगितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हायीत हाय मला. आल्या आल्या त्यानंच सांगितलं."

मी म्हणालो, त्यांनी शटर... आणि हात पुढं केला. त्यांनी माझ्या बोटांकडं पाहिलं. मग पुढची शेंग फोडली.

"दुखलं असंल," त्या म्हणाल्या. "पर सांगायला नगं हुतं, भाऊ. आदी मला तरी कळवायचं. येवढे दिस कशापायी गप बसलात?"

डाउनलोडचा आकडा वाढत होता, हे मला त्यांच्या ओट्यावर बसून सांगवेना. पण मग सांगितलंच, कारण नाही सांगितलं तर ते आणखी एक खोटं झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही.

रामकिसननी चहा आणला. तुरुंगात येणाऱ्या एका शिपायानं ताईंना फोनवर गेम दाखवला होता म्हणे. मी विचारलं, कसा वाटला.

"लई बेकार," त्या सरळ म्हणाल्या. "समदे नुसते मरत्यात. मरायच्या आदी कुणाला भ्या वाटत न्हाई, मारल्यावर कुणाचे हात कापत न्हाईत. माजे आजून कापत्यात. भाकरी थापताना मधीच कापाया लागत्यात."

त्यांनी डावा हात पुढं करून दाखवला. तेव्हा तो कापत नव्हता.

निघताना रामकिसन म्हणाले की तारखेला बीडला जायचं म्हणजे दोघांनाही एसटीची पायरी चढता येत नाही. ताई म्हणाल्या, "भाऊ येतील की गाडी घिऊन." मला विचारलं नाही, माझ्या वतीनं सांगून टाकलं.

तेव्हापासून दर तारखेला मी अण्णांची जुनी गाडी घेऊन सकाळी सातला त्यांच्या दारात उभा असतो. बाकी दिवस दुकानात बसतो. उजव्या हातानं पुडी बांधता येत नाही, तेवढं अण्णा बांधतात. ताईंवर एक खटला आहे, अमरसिंहावर आता तीन आहेत. मागच्या तारखेला तो कुबड्या घेऊन आला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाकडं मोकळं होतं. तो एका टोकाला बसला, ताई दुसऱ्या टोकाला, मध्ये रामकिसन. पाऊण तास तिघं तसेच बसले होते, कुणी कुणाकडं पाहिलं नाही. मग पुकारा झाला, वकिलांनी मुदत मागितली आणि पुढच्या महिन्याची तारीख पडली.

परत येताना ताई मागच्या सीटवर झोपल्या. रामकिसननी मला हळूच सांगितलं, पुढच्या वर्षी पंचायतीची निवडणूक आहे आणि त्या सहा बाया रोज संध्याकाळी येऊन ताईंना अर्ज भरायला सांगतात. मी विचारलं, ताई काय म्हणतात.

"आजून काय म्हनली न्हाई," रामकिसन म्हणाले. "पर न्हाई बी म्हनली न्हाई."